डिसेंबरच्या थंडीत पहिलं रायफल शिबिर: जावं की एप्रिलपर्यंत थांबावं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही डेट्रॉइटजवळ राहता. मुलगी १२ वर्षांची. दोघांनीही आजवर रायफल हातात घेतलेली नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी घरापासून तासाभरावर प्रोजेक्ट ॲपलसीड या रायफल नेमबाजी शिकवणाऱ्या उपक्रमाचं दोन दिवसांचं शिबिर आहे आणि सकाळचा अंदाज २५ फॅरनहाइटचा, म्हणजे उणे ४ सेल्सिअसचा आहे. तुम्ही विचारलंय, थंडीने हात थरथरत असताना नवशिक्याचा नेम लागणार कसा? एप्रिलपर्यंत थांबावं का? आणि जायचंच ठरलं तर कपडे कसे असावेत?

मी ओहायोत राहते. गेली ९ वर्षं अशाच शिबिरांत स्वयंसेवक म्हणून शिकवते. त्याआधी सांगलीला कॉलेजात एनसीसीत होते, तिथे पॉइंट टू टू, म्हणजे लहान काडतुसाच्या .२२ रायफलवर हात बसला. थंडीतली शिबिरं मी मुद्दाम मागून घेते. त्याचं कारण पुढे येईलच.

माझं उत्तर 'जा' असं आहे. पण कपड्यांच्या आधी एक गोष्ट तपासा. तुम्ही ती विचारलेली नाही, आणि आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना ती माहीत असते.

तुम्ही अमेरिकेत कोणत्या दर्जावर आहात? नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर हा परिच्छेद सोडून द्या. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, एल-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर इथला केंद्रीय कायदा तुम्हाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई करतो. रेंजवर दोन तासांसाठी भाड्याने घेतलेली रायफलही त्यातच येते. कायद्यात मोजके अपवाद आहेत. राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना हा त्यातला नेहमी वापरला जाणारा. पण तो तुम्हाला लागू पडतो का, हे इमिग्रेशन वकिलाला विचारूनच ठरवा. मित्राने सांगितलं म्हणून नको. शिबिरात कुणी तुमचा व्हिसा विचारेलच असं नाही, त्यामुळे ही जबाबदारी पूर्णपणे तुमची. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने ऑफिसच्या सहलीत मजा म्हणून रेंजवर फोटो काढले आणि पुढे ग्रीन कार्डच्या वेळी महिनोन् महिने झोप गमावली. मुलगी इथे जन्मलेली असेल तर तिचा प्रश्न वेगळा, तुमचा वेगळा. वकिलाला दोघांबद्दल विचारा. तोवर घरी एअर रायफलवर सुरुवात करता येते, कारण केंद्रीय कायदा तिला बंदूक मानत नाही. मात्र न्यू जर्सीसारखी काही राज्यं मानतात, म्हणून तुमच्या राज्याचा नियम बघून घ्या.

ते मार्गी लागलंय असं धरून पुढे जाते.

थंडीत हात थरथरतात म्हणून नेम लागत नाही, असं तुम्ही गृहीत धरलंय. बहुतेक जण तेच धरतात. माझा अनुभव जरा वेगळा आहे. रायफल स्नायूंच्या ताकदीवर धरली की नेम चुकतो, आणि थंडी ती चूक लपू देत नाही. जुलैमध्ये धट्टाकट्टा माणूस दंडाच्या जोरावर रायफल तासभर निशाण्यावर दाबून धरू शकतो. गोळ्या बऱ्यापैकी जवळ पडतात आणि त्याला वाटतं, जमलं. डिसेंबरमध्ये तोच माणूस १५ मिनिटांत उघडा पडतो. कुडकुडणं म्हणजे स्नायूंचं आपोआप, भराभर आकसणं. रायफलचं ओझं ज्या स्नायूंवर आहे तेच असे आकसू लागले तर ती थरथर थेट नळीपर्यंत पोचणार. ओझं हाडांवर, जमिनीवर आणि स्लिंगवर, म्हणजे दंडाला आवळलेल्या रायफलच्या पट्ट्यावर असेल तर त्यातली बरीच थरथर वाटेतच जिरते.

हे किती नाजूक असतं ते आकड्यांत सांगते. नळीवर नेम धरायला दोन खुणा असतात, त्यांना साइट म्हणतात. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये समजा अर्ध्या मीटरचं अंतर आहे. पुढची साइट एका मिलिमीटरने सरकली तर २५ मीटरवर गोळी ५ सेंटिमीटर सरकते, म्हणजे पन्नासपट. आणि शिबिरात तुमच्याकडून अपेक्षा असते ती २५ मीटरवर साधारण ३ सेंटिमीटरच्या ग्रुपिंगची, म्हणजे सगळ्या गोळ्या तेवढ्या घोळक्यात पडण्याची. आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं वर्तुळ. एवढ्या जागेत गोळ्या ठेवणं ताकदीला जमत नाही.

मग कशाला जमतं? अंग सैल सोडल्यावर रायफल आपसूक जिकडे बघते, ती दिशा आणि निशाणा एक असायला हवेत. इथे त्याला नॅचरल पॉइंट ऑफ एम म्हणतात. तपासायची रीत अगदी साधी. पालथं झोपून पोझिशन घ्या, निशाणा धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, सगळं अंग सैल सोडा आणि डोळे उघडा. रायफल निशाण्याच्या डावीकडे बघत असेल तर हातांनी ओढून आणू नका. डावं कोपर जागच्या जागी ठेवून कंबर आणि पाय सरकवा. पुन्हा डोळे मिटा. रायफल स्वतःहून निशाण्यावर येईपर्यंत हेच करत राहा.

माझ्या पहिल्या हिवाळी शिबिरात मी हे करत नव्हते. एनसीसीत शिकलेय, मला येतं, या भरवशावर होते. दुपारपर्यंत माझ्या गोळ्या कागदावर आडव्या रेषेत पांगायला लागल्या, दर फेरीला आणखी लांब. एक म्हातारे प्रशिक्षक शेजारी येऊन बसले आणि मला डोळे मिटायला लावले. उघडले तर माझी रायफल शेजारच्या माणसाच्या निशाण्याकडे बघत होती. सकाळभर मी ती दंडाच्या जोरावर उजवीकडे ओढून धरली होती आणि मला पत्ताच नव्हता. उन्हाळ्यात हे कदाचित वर्षभर कळलं नसतं. म्हणून मी थंडीतली शिबिरं मागून घेते. नवशिक्याच्या अंगात चुकीची सवय मुरायच्या आत ती दिसते.

याचा अर्थ वाटेल तितक्या थंडीत जावं असा नाही. बरंच काही परिस्थितीवर आहे. फायरिंग लाइनवर छप्पर आहे का, वाऱ्याला आडोसा आहे का, शेकायला गरम खोली आहे का, हे आयोजकांना फोन करून विचारा. २५ फॅरनहाइट, वारा नाही आणि जवळ हीटर असलेली शेड असेल तर मी १२ वर्षांच्या मुलीला बिनधास्त आणा म्हणेन. तेच तापमान, उघडं माळरान आणि अंगाला झोंबणारा वारा असेल तर नको. माझा स्वतःचा ठोकताळा असा की वारा धरून जाणवणारं तापमान १५ फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ९ सेल्सिअसच्या खाली जाणार असेल तर नवशिक्या मुलांना मी पुढच्या शिबिराला यायला सांगते. मुलगी बारीक चणीची असेल तर आणखी जपून, कारण लहान शरीर लवकर गारठतं. आणि दात वाजू लागले, तिला बोटांनी जॅकेटची चेन लावता येईना, की त्या क्षणी रायफल खाली आणि शेडमध्ये. ती नको म्हणाली तरी. मुलं अशा वेळी वडिलांना वाईट वाटेल म्हणून 'मी ठीक आहे' म्हणतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

कपड्यांबद्दल तुम्ही विचारलंत. अडचण अशी की ऊब देणारा कपडाच नेमबाजीच्या आड येतो. फुगीर जॅकेट घातलं की दस्ता खांद्याच्या खोबणीत बसत नाही, वरच्या वर घसरतो. जाड बाहीवर स्लिंग टिकत नाही. शिवाय खांदा आणि दस्ता यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटरचा कापूस भरला की रायफल तेवढीच लांब झाल्यासारखी होते. मोठ्यांना ते कसंबसं निभावतं. मुलीला मात्र मान ताणून गाल टेकवावा लागतो आणि कोपरं उघडी पडतात. म्हणून ऊब छाती-पोटावर ठेवा, हात मोकळे ठेवा. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर पातळ फ्लीस, त्यावर बिनबाह्यांचं भरलेलं जाकीट. मोठा कोट आणाच, पण तो दोन फेऱ्यांच्या मध्ये घालायचा आणि लाइनवर जाताना काढून ठेवायचा. अंगालगत सुती बनियन नको. घामाने ओलं झालं की दिवसभर ओलंच राहतं. खाली जाड जीन्स नको. सिटिंग पोझिशनमध्ये आपण मांडी घालून पुढे वाकतो आणि कोपरं गुडघ्यांच्या पुढे टेकवतो. जमिनीवर पानाला बसलेल्या आपल्या लोकांना ही पोझिशन इथल्यांपेक्षा सहज जमते, पण कडक जाड पँट ती सगळी सोय घालवते.

खरी थंडी जमिनीतून येते, हवेतून तितकी नाही. दोन दिवसांतला मोठा वेळ तुम्ही पालथे असणार. नुसती कापडी मॅट किंवा चादर काही उपयोगाची नाही, अंगाच्या वजनाने ती दबते. कॅम्पिंगसाठी मिळतात ते फोमचे पॅड आणा, माणशी दोन. एक छातीखाली, एक मांड्यांखाली. खाली ताडपत्री, कारण दुपारी बर्फ वितळून चिखल होतो. कोपरांना पॅड बांधलेत तर दुसऱ्या दिवशी दुवा द्याल.

हातमोज्यांवर थोडं थांबते, कारण इथे सुरक्षिततेचा प्रश्न आहे. चापावरच्या हातात जाड मोजा कधीही नको. चापाभोवतीच्या कडीत (ट्रिगर गार्ड) जाड बोट शिरलं की चाप कधी दाबला गेला ते कळतही नाही. त्या हाताला पातळ मोजा घाला, तर्जनीचं टोक उघडं राहील असा. वरून सैल मिटन, गोळीबार सुरू होताना काढायचं. आधाराच्या हाताला मात्र जाड मोजा चालतो, उलट बराच वाटतो, स्लिंग बोटांवर काचत नाही. हात गरम करायच्या पुड्या खिशात ठेवा. त्यांच्यातल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागली की त्या तापतात, त्यामुळे हवाबंद पिशवीत कोंबल्या तर विझतात. आणि बोट बधिर असेल तर चाप नीट जाणवत नाही, मग माणूस हिसका देतो. त्यापेक्षा ती गोळी सोडून द्या. दहापैकी सातच मारल्या तरी चालेल.

स्लिंग दंडावर आवळून बांधली की रक्तपुरवठा कमी होतो आणि थंडीत हात लवकर बधिरतो. दर फेरी संपली आणि रायफल नियमाप्रमाणे खाली ठेवली की आधी स्लिंग सैल करा, मग बाकीचं.

कान झाकताना एक चूक हमखास होते. लोकरीची टोपी कानांवर ओढतात आणि तिच्यावरून इअरमफ लावतात. मग मफ बंद होत नाही आणि आवाज आत शिरतो. आधी फोमचे प्लग घाला. ते गारठले की ताठ होतात, तेव्हा तळहातात मळून ऊब द्या. त्यावर मफ आणि टोपी मफच्या वर. टोपी-हूडमुळे लाइनवरच्या सूचना ऐकू येत नसतील तर लगेच हात वर करा. 'सीझ फायर' म्हणजे गोळीबार थांबवा, ही सूचना ऐकू न येणं फार वाईट.

चष्मा धुकाळतो. मफलर नाकावर ओढलात की उच्छ्वास वर जाऊन काचेवर बसतो, म्हणून मफलर हनुवटीपर्यंतच. श्वासाचं शिकवतीलच: उच्छ्वास सोडल्यावर दुसरा श्वास घेण्याआधी शरीर क्षणभर आपणच थांबतं, त्या थांब्यात गोळी सुटली पाहिजे. दुर्बीण लावलेली असेल तर उच्छ्वास तिच्या काचेवर पडू देऊ नका. आणि कॉलर बंद ठेवा. रायफलमधून बाहेर उडालेली काडतुसाची रिकामी गरम पुंगळी गळ्यातून आत गेली की माणूस दचकून उठतो आणि रायफल हातात असतानाच वळतो. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. मुलीला आधीच सांगून ठेवा: पुंगळी आत गेली तर नळी समोर, बोट चापाबाहेर, रायफल खाली, मग पुंगळी. थोडं भाजेल, एवढंच.

आता रायफल. पॉइंट टू टूच घ्या, मोठी नको. काडतूस स्वस्त, धक्का नगण्य. स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं ते याच काडतुसावर, आणि कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं, म्हणजे पालथ्याने मारायच्या प्रकाराचं विश्वविजेतेपद मिळवलं तेही यावरच. म्हणजे हे लहान मुलांचं खेळणं आहे असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. स्वतःची विकत घेऊ नका, आयोजकांकडे उसनी मिळते का विचारा. दोन मॅगझिन (काडतुसं भरून रायफलला लावायच्या डब्या) आणि माणशी ४०० ते ५०० काडतुसं लागतात.

थंडीत सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल अडकते ती बहुतेक वेळा तेलामुळे. जाड तेल गारठून चिकट होतं आणि काडतूस आत ढकलणारा सरकता भाग, म्हणजे बोल्ट, आळसावतो. आदल्या दिवशी जुनं तेल पुसून पातळ तेलाचा अगदी हलका हात द्या. काडतुसांवर मेणाचा लेप असतो, तो थंडीत कडक होतो, शिवाय गार काडतुसाचा वेग किंचित घटतो. २५ मीटरवर त्याने फारसं बिघडत नाही, तरी पुढच्या फेरीच्या मॅगझिन कोटाच्या आतल्या खिशात ठेवलेल्या बऱ्या. हीटरवर मात्र कधीही ठेवू नका. गोळीचा आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढची गोळी मारायची नाही. नळी समोर ठेवून प्रशिक्षकाला बोलवा, कारण गोळी नळीतच अडकलेली असू शकते. नळीचं तोंड बर्फात टेकलं तरी हेच.

दुपारी रायफल लाइनवरच राहते, बोल्ट उघडा आणि आत, रायफल रिकामी आहे हे दाखवणारा रंगीत फ्लॅग. संध्याकाळी घरी नेताना केसमधून काढू नका. बाहेरची गार रायफल गरम खोलीत उघडली की लोखंडावर दव धरतं आणि सकाळी गंज दिसतो. बंद केसमध्येच चार-पाच तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग पुसा.

जेवणाच्या सुट्टीत बहुतेक जण गाडीत बसतात, हीटर पूर्ण सोडतात, कोटही काढत नाहीत. घामेजून बाहेर येतात आणि दोन वाजता त्यांच्याइतकं कुणी कुडकुडत नाही. गाडीत बसायचं तर कोट काढून बसा आणि पायमोजे बदला. सकाळचे मोजे कोरडे वाटले तरी बदला. पाणी पीत राहा. बाहेरच्या गारठलेल्या टॉयलेटला जायला नको म्हणून लोक पाणीच पीत नाहीत आणि तिसऱ्या प्रहरी डोकं दुखायला लागतं, नजर धूसर होते. थर्मासमध्ये आल्याचा चहा, सोबत थालीपीठ, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. चिक्की नको, गारठून दगड होते.

पण खाण्याआधी हात धुवा, साबणाने आणि गार पाण्याने. काडतुसांतलं शिसं बोटांवर बसतं आणि मुलांच्या शरीराला ते मोठ्यांपेक्षा जास्त घातक. हिवाळ्यात नळ गोठलेला असतो, मग लोक पँटला हात पुसून लाडू उचलतात. म्हणून पाण्याचा कॅन आणि शिसं काढायचे ओले वाइप गाडीतच ठेवा. घरी गेल्यावर कपडे वेगळे धुवा. या एका बाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

शिबिराबद्दलही सांगते, म्हणजे मुलीचा हिरमोड होणार नाही. शनिवारी सकाळी १३ गोळ्यांचा एक कागद देतात. त्यावर लहान होत जाणाऱ्या सैनिकांच्या आकृत्या असतात. २५ मीटरवरूनच १०० ते ४०० यार्डांचा अंदाज यावा म्हणून त्या मापाने लहान केलेल्या. प्रत्येक आकृतीला ३ गोळ्या आणि एक छोट्या चौकोनाला. पहिल्या दिवशी पाच-सहा लागल्या तरी खूप. तोच कागद शेवटी पुन्हा देतात, तो जपून ठेवा. मधल्या काळात ४० गोळ्यांची कसोटी वारंवार होते, २५० पैकी गुण. उभ्याने, बसून आणि पालथं. २१० मिळाले की 'रायफलमन'चा बिल्ला. बिल्ल्यासाठी तिला घेऊन जाऊ नका. माझ्या पाहण्यात पहिल्या खेपेला तो थोड्यांनाच मिळतो, थंडीत आणखी थोड्यांना. उभ्याने मारताना थंडी सगळ्यात जास्त छळते, कारण तिथे जमिनीचा आधार नसतो. त्या फेरीत गुण गेले तर जाऊ द्या. पालथ्याने आणि बसून ग्रुपिंग लहान होतंय का, एवढंच बघा.

मधल्या सुट्ट्यांत १९ एप्रिल १७७५ ची, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध जिथून पेटलं त्या लेक्सिंग्टन-कॉन्कर्डच्या लढाईची गोष्ट सांगतात. शेकोटीजवळ बसून ती ऐकायला मला हिवाळ्यातच आवडते. कॉन्कर्डच्या नॉर्थ ब्रिजवर लढताना मारला गेलेला ॲक्टन गावचा कॅप्टन आयझॅक डेव्हिस स्वतः बंदुका घडवणारा कारागीर होता. त्याच्या तुकडीचा नेमाने चाललेला सराव आधीच्या त्या हिवाळ्यातलाच होता. गारठलेल्या बोटांनी ऐकताना ते जास्त जवळचं वाटतं. मुलीलाही वाटेल.

तोवर आठवडाभर घरी एक काम करा, त्याला रायफल लागत नाही. मुलीला सतरंजीवर पालथी झोपवा, हातात लाटणं किंवा सरळ काठी द्या. भिंतीवर टिकली चिकटवा. डोळे मिटणं, अंग सैल सोडणं, उघडणं, कंबर सरकवणं. रोज दहा मिनिटं. जॅकेट घालून एकदा, काढून एकदा, म्हणजे कपड्यांनी काय फरक पडतो ते तिचं तिलाच कळेल. तुम्हीही करा. आणि चार नियम आत्ताच पाठ करून घ्या: नळी कायम सुरक्षित दिशेला, सूचना मिळाल्याशिवाय गोळी भरायची नाही, साइट निशाण्यावर येईपर्यंत बोट चापाबाहेर, आणि आजूबाजूचे हे पाळतायत ना यावर आपलंही लक्ष. चौथा नियम मुलीला नीट समजावून सांगा, कारण आपल्याकडच्या मुलांना मोठ्यांना टोकायला संकोच वाटतो. फायरिंग लाइनवर १२ वर्षांच्या मुलीनेही साठीच्या माणसाला 'काका, नळी' असं मोठ्याने म्हणायचं असतं.

त्या दिवसांत मिशिगनमध्ये सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि पाचला मावळतो. शनिवारी परतताना अंधार असेल आणि तुम्ही दोघंही दमलेले असाल. तासाभराचं अंतर आहे, तरी मी तुमच्या जागी असते तर शनिवारची रात्र जवळच्या मोटेलमध्ये काढली असती. रविवारी सकाळी मुलीचे खांदे दुखत असतील. तिला जायचं नसेल तर नेऊ नका. एक दिवसही पुष्कळ शिकवून जातो.

रायफल उसनी मिळणार असेल तर कोणती ते आयोजकांना विचारून घ्या, आणि मुलीचं एक माप घ्या. कोपर काटकोनात वाकवून, कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत, एकदा नुसत्या शर्टवर आणि एकदा तिच्या सगळ्या गरम कपड्यांत. ते दोन आकडे इथे लिहा. दस्ता किती आखूड हवा ते मी सांगते.